दाढ काढण्यापूर्वीचे पाच दिवस

गिरगावातील ठाकुरद्वारापासून लालबाग, परळ ओलांडून दादरच्या नाक्यापर्यंत जुन्या मराठी मुंबईचा जो पट्टा पसरलेला आहे, त्यातील कोणत्याही रस्त्यावर चार इमारती चालून गेले तरी एक दंतवैद्याची पाटी दिसते. आणि त्या पाटीमागच्या लाकडी बाकावर गाल धरून बसलेल्या वयस्क मंडळींत एखाद-दुसऱ्याच्या पिशवीत रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची पाकिटे असतात, ही आता नित्याची गोष्ट झाली आहे. कुणाच्या हृदयातील झडप बदललेली असते, कुणाच्या धमनीत स्टेंट बसवलेला असतो, कुणाच्या हृदयाचे ठोके बेताल पडत असतात, तर कुणाच्या पायाच्या शिरेत कधीकाळी गुठळी झालेली असते. रोग भिन्न असले तरी किडलेली दाढ घेऊन आलेल्या या सर्वांना बहुधा एकच ताकीद मिळते : ‘पाच दिवस गोळ्या बंद ठेवून या, मग दाढ काढू.’ ही ताकीद सद्हेतूने दिलेली असते. देणाऱ्याच्या मनात रुग्णाला रक्तस्राव होऊ नये एवढाच विचार असतो, आणि घेणाराही ती आज्ञाधारकपणे पाळतो. असे असूनही ती बहुतेक प्रसंगी चुकीची असते आणि क्वचित प्रसंगी प्राणघातक ठरते, म्हणून तिचा साक्षेपाने विचार व्हावा असे मला मनापासून वाटते.

हा प्रश्न याच भागात विशेष दाटीने का भेटतो, हे समजण्यासाठी परळचा इतिहास थोडा आठवावा लागतो. भारतीय अध्यापकांनीच येथे शिकवावे या दात्यांच्या अटीनिशी उभे राहिलेले शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याशी जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले, त्यानंतर तीन वर्षांनी बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाचे मुलांचे रुग्णालय उघडले, आणि १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने आपली दारे खुली केली. गिरण्यांच्या भोंग्यांवर जगणाऱ्या वस्तीच्या मधोमध अशी ही रुग्णालयांची रांग उभी राहिली. त्या वस्तीत एका खोलीत आठ-दहा माणसे नांदत होती, आणि अशा दाटीत लहान मुलांचा घसा वरचेवर सुजणे ही मामुली बाब समजली जात होती. परंतु त्या सुजलेल्या घशातील जंतूंशी झुंजताना काही मुलांच्या शरीरात जी प्रतिक्रिया उठते, तिच्यातून संधिवाताचा ताप येतो आणि तो ताप सांध्यांना चाटून जाताना हृदयाच्या झडपांना मात्र कायमचा चावा घेऊन जातो. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनची सुई टोचून घेण्यासाठी रुग्णालयात जाणारी मुले या भागातील जुन्या लोकांना आजही आठवत असतील. त्या मुलांच्या आखडलेल्या झडपा पुढे तरुणपणी मोकळ्या कराव्या लागत किंवा बदलाव्या लागत. हृदयशस्त्रक्रियेचे जे ज्ञान परळला वाढले, ते मुख्यतः अशा रुग्णांसाठी; के. ई. एम.मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले हृदयारोपण केले, त्यामागे झडपांवरील शस्त्रक्रियांची अनेक वर्षांची साधना होती.

धातूची कृत्रिम झडप बसवली की रुग्णाचा श्वास मोकळा होतो, जिना चढता येतो, संसार पुन्हा चालू लागतो. पण त्याच्या मोबदल्यात एक गोळी जन्मभर घ्यावी लागते. परक्या पृष्ठभागाशी संबंध आला की गोठू पाहणे हा रक्ताचा धर्मच आहे, आणि झडपेच्या बिजागरीत जमलेली तांदळाच्या दाण्याएवढी गुठळी झडप अडवू शकते किंवा सुटून मेंदूकडे जाऊ शकते. आपल्याकडे या कामी वॉर्फरिन आणि त्याहून अधिक प्रमाणात ॲसेनोकुमारॉल, म्हणजे रुग्णांच्या तोंडी बसलेली ‘ॲसिट्रॉम’, दिली जाते. रक्ताचा दाटपणा या गोळीने बदलत नाही. यकृतात ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने तयार होणारे गोठण्याचे घटक तिच्यामुळे अपुरे तयार होतात आणि त्यामुळे रक्त गोठण्यास लागणारा वेळ लांबतो, इतकेच तिचे कार्य.

या औषधाचा जन्म मोठा विलक्षण आहे. १९२० नंतरच्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरशी लागलेले क्लोव्हर जातीचे गवत खाणाऱ्या गाई क्षुल्लक जखमेनेही रक्तस्राव होऊन मरू लागल्या होत्या. फेब्रुवारी १९३३ मध्ये, बर्फाच्या वादळातून, विस्कॉन्सिन राज्यातील एड कार्लसन नावाचा शेतकरी एक मेलेली कालवड, तेच गवत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले न गोठणारे रक्त घेऊन विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. त्या रक्ताचे कोडे सोडवण्यात लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांची पुढील सहा-सात वर्षे खर्ची पडली आणि त्यातून डायकुमारॉल हाती आले. त्याच्या कुळातील वॉर्फरिन १९४८ साली प्रथम उंदीर मारण्याचे विष म्हणून बाजारात आले, १९५४ मध्ये माणसांसाठी त्यास मान्यता मिळाली आणि १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर ते त्यांनाही देण्यात आले. ज्याने कोठारातले उंदीर मरतात त्याच द्रव्याची मोजून दिलेली मात्रा माणसाला वर्षानुवर्षे जगवते. येथे मोजून हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे.

मोजण्याची ही रीत एकाच आकड्यावर उभी आहे. पूर्वी रक्त किती सेकंदांत गोठते हे प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या द्रव्याने तपासत असे, आणि एका ठिकाणचा निकाल दुसऱ्या ठिकाणी निरर्थक ठरे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये हे निकाल एका मापात आणण्याची पद्धत मुक्रर केली, आणि तेव्हापासून ‘आयएनआर’ हा आकडा परळच्या प्रयोगशाळेत काढला काय अथवा लंडनमध्ये काढला काय, एकच अर्थ सांगतो. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसात तो सुमारे १ असतो. ठोके बेताल असलेल्या रुग्णात तो २ ते ३ च्या दरम्यान राखतात. डाव्या बाजूची मायट्रल झडप धातूची असेल तर थोडा वर, अडीच ते साडेतीनच्या आसपास. तो घसरला तर गुठळीचे भय, चढला तर रक्तस्रावाचे. तो ताटातल्या अन्नानेही हलतो. श्रावणात मासळी सुटून मेथी, पालक, शेपू, माठ यांचा भर वाढला तर पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करून आकडा खाली आणू शकते. पालेभाजी सोडण्याचे कारण नाही, परंतु बारा महिने तिचे प्रमाण साधारण सारखे असावे, ही सूचना आपल्या सणावारांच्या खाद्यसंस्कृतीत पाळणे किती कठीण आहे हे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या स्त्रीलाच ठाऊक.

आता त्या पाच दिवसांचा हिशेब मांडू. वॉर्फरिनचा परिणाम गोळी थांबवताच नाहीसा होत नाही. यकृताला नवे घटक तयार करावे लागतात, आणि त्यांतील प्रोथ्रॉम्बिन पूर्वपदावर येण्यास कित्येक दिवस जातात, म्हणून तर पाच दिवस आधी थांबवण्याची प्रथा पडली. ॲसिट्रॉम शरीरातून लवकर निघून जाते, तिचा परिणाम दोन-तीन दिवसांतच ओसरतो; म्हणजे तिच्या रुग्णाला पाच दिवस थांबवणे हे अधिकच अनाठायी. परंतु खरा घोटाळा पुढेच आहे. दाढ काढल्यावर गोळी पुन्हा सुरू केली, तरी रक्तात आधीपासून असलेले घटक झिजून आकडा इष्ट जागी पोहोचण्यास पुन्हा चार-पाच दिवस आणि पुष्कळदा त्याहून अधिक लागतात. अशा रीतीने ज्याला आपण पाच दिवस म्हणतो, ते असंरक्षित राहण्याचे आठ-दहा दिवस असतात. कुणी ‘तोंड सुजले आहे, जरा बरे वाटू दे’ म्हणून गोळी सुरू करण्यास आणखी चार दिवस लावतो, आणि कुणाला ती पुन्हा सुरू करायची आहे हे कोणी सांगितलेलेच नसते.

धातूची झडप बसवलेल्या माणसाला शांत रात्री आपल्या छातीतील टिकटिक ऐकू येते. शेजारी झोपलेल्यालाही ती कधी कधी ऐकू येते आणि घरातल्यांना तिची सवय होऊन जाते. ही टिकटिक मंदावली किंवा बंद झाली आणि त्याच सुमारास धाप लागू लागली, तर झडपेत गुठळी अडकल्याचे ते लक्षण असू शकते, आणि तेव्हा घटकाभरही न दवडता रुग्णालय गाठावे लागते. झडपेवरची गुठळी सुटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो. तोंडातले रक्त दिसते, त्याची चव लागते, उशीवर त्याचा डाग पडतो, आणि म्हणून आपण त्याला भितो. गुठळी मात्र दिसत नाही, दुखत नाही, आणि तिची वार्ता कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. दाढेच्या खोबणीतील रक्त बोटाने, कापसाने, टाक्याने दाबता येते. मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन बसलेल्या गुठळीपर्यंत दंतवैद्याचे बोट पोहोचत नाही.

हे केवळ तर्काने सांगत नाही. मायकेल वाल या अमेरिकन दंतवैद्याने १९९८ साली तोवर प्रसिद्ध झालेल्या नोंदी एकत्र करून जो आढावा घेतला, त्यात गोळी चालू ठेवून दंतोपचार झालेले ९५० हून अधिक रुग्ण होते आणि त्यांच्यावर झालेले उपचार २,४०० हून अधिक होते. त्यांपैकी अवघ्या १२ जणांना स्थानिक उपायांपलीकडे काही करावे लागले, आणि त्यांतील बहुतेकांचा आकडा मुळात प्रमाणाबाहेर चढलेला होता. उलट, गोळी थांबवलेल्या ५२६ जणांत ५ जणांना गुठळीचे गंभीर उपद्रव झाले आणि त्यांतील ४ दगावले. दोन्हीकडची टक्केवारी जवळपास सारखीच दिसते, आणि कागदावरची टक्केवारी पाहून कुणी म्हणेल की मग फरक काय? फरक असा की एका बाजूला पुन्हा घातलेला टाका किंवा फार तर रुग्णालयातील एक-दोन रात्री आहेत, आणि दुसऱ्या बाजूला चार मृत्यू आहेत. वैद्यकातले आकडे वाचताना संख्येबरोबर परिणामाचे वजनही पाहावे लागते. त्यानंतरच्या काळात ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनी आयएनआर ४ च्या खाली असेल तर गोळी न थांबवता दात काढावा, तपासणी शक्यतो चोवीस तासांच्या आतली असावी, फार तर आकडा नेहमी स्थिर असणाऱ्याची बहात्तर तासांपर्यंतची चालावी, असे स्पष्टपणे सांगितले आहे. एक-दोन दात काढण्यासाठी गोळी थांबवून पोटात हेपॅरिनच्या सुया टोचण्याचीही गरज नसते.

गोळी चालू ठेवून दाढ काढायची म्हणजे रक्तस्रावाकडे दुर्लक्ष करायचे असा अर्थ कुणी घेऊ नये. उलट रक्तस्राव होणार हे गृहीत धरून त्याचा पूर्ण बंदोबस्त आधी करावयाचा असतो, आणि तो कसा करतात हे गिरगावातील एका जाणत्या दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी उभे राहून पाहण्यासारखे आहे. दिवस सोमवारचा आणि वेळ सकाळची. ही निवडही हेतुपूर्वक केलेली, कारण रात्री काही झाले तर दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडा असतो आणि आठवड्याचे दिवसही हाताशी असतात. लालबागहून आलेल्या, साठी उलटलेल्या बाईंच्या हातात शाळकरी वही होती. तिच्या उभ्या रेघांत तारीख, आयएनआर आणि गोळीचे प्रमाण नातवाच्या अक्षरात मांडलेले : सोमवार-गुरुवारी दोन मिलिग्रॅम, बाकी दिवशी तीन. शेवटची नोंद आदल्या दिवसाची, २.८.

“मावशी, रात्रीची गोळी घेतलीत ना?” डॉक्टरांनी वही चाळत विचारले.

“घेतली तर! तुम्हीच सांगितलं होतं, चुकवायची नाही म्हणून. सून मात्र घाबरलीय. म्हणते, रक्त थांबायचं नाही.”

“उशिरा थांबेल, पण थांबेल. तोवर मी कुठे जात नाही. आणि त्या चार कॅप्सुल?”

“घरून निघताना घेतल्या.”

त्या चार कॅप्सुल म्हणजे दोन ग्रॅम ॲमॉक्सिसिलिन. त्यांचा रक्त गोठण्याशी संबंध नाही. दात काढताना हिरडीतील जंतू रक्तात शिरतात आणि कृत्रिम झडपेवर घर करतात, ते टाळण्यासाठी झडप बदललेल्या रुग्णाला पाऊण-एक तास आधी ही एकच मात्रा द्यावी लागते, आणि पेनिसिलिन न सोसणाऱ्याला निराळे औषध. गोळीच्या चर्चेत ही कॅप्सुल पुष्कळदा विसरली जाते, म्हणून मुद्दाम सांगितले.

दाढ वरच्या जबड्यातली होती, मिश्रीने काळवंडलेली आणि मुळाशी हललेली. वरच्या दाढेला हिरडीतच भूल पुरते. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या खोल भागात सुई घालावी लागते आणि तेथे रक्त साकळले तर घशाकडे सूज पसरण्याचे भय असते, म्हणून अशा रुग्णात ती सुई शक्य तर टाळतात, आणि द्यावीच लागली तर सुई रक्तवाहिनीत नाही याची खात्री करून अतिशय सावकाश देतात. लिग्नोकेन चढल्यावर डॉक्टरांनी एलिव्हेटरने दाढेच्या चारी बाजूंनी हळूहळू जागा केली. घाई नाही, झटका नाही. हाड फुटू नये आणि हिरडी फाटू नये यावर सारे लक्ष. फोर्सेप्सने दाढ बाहेर आली तेव्हा खोबण काळसर लाल रक्ताने भरली, आणि बाईंनी घट्ट मिटलेले डोळे उघडले. डॉक्टरांनी आधी त्या खोबणीतील सडका, सुजलेला मऊ भाग खरवडून काढला, कारण रक्त बहुधा तेथूनच झिरपत राहते. मग जिलेटिनच्या स्पंजाचा तुकडा आत बसवला, त्यावरून हिरडीचे काठ दोन टाक्यांनी जवळ आणले आणि ट्रॅनेक्झॅमिक आम्लात भिजवलेल्या गॉझची घडी ठेवून दात मिटायला लावले. एवढे झाल्यावर बाईंना घरी न पाठवता बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसवले. मध्ये दोनदा विजेरी लावून पाहिले. दुसऱ्या वेळी घडी काढली तेव्हा खोबणीत गडद, चकचकीत गोठण बसले होते आणि कडेने थेंबही येत नव्हता.

ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे या कामातले मोठे साधन आहे. १९६२ साली जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने ते शोधले. लाळेत गोठलेले रक्त विरघळवणारे घटक असतात, आणि म्हणून तोंडातली जखम एकदा थांबून पुन्हा वाहू लागते; हे औषध त्या विरघळण्याला अटकाव करते. त्याचे पाच टक्क्यांचे द्रावण दिवसातून चार वेळा, दोन मिनिटे तोंडात धरून हलकेच सोडायचे, असे सात दिवस केले की गोळी चालू असणाऱ्या रुग्णाचा रक्तस्राव लक्षणीय कमी होतो, हे १९८९ मधील डॅनिश संशोधनातून सिद्ध झाले. आपल्याकडे इंजेक्शनची कुपी येते ती ५ मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमची. तितकेच स्वच्छ पाणी मिसळले की पाच टक्क्यांचे द्रावण तयार. खर्च अल्प आणि उपयोग मोठा, असे उपाय वैद्यकात फारसे सापडत नाहीत.

येथे परळचाच एक जुना धागा सांगण्याचा मोह आवरत नाही. प्लेगच्या लसीसाठी हाफकिन यांनी उभारलेली प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात आली, आणि पुढे त्याच संस्थेत सापांच्या विषावरील प्रतिविष तयार होऊ लागले. ज्या सापांसाठी ते बनते त्यांत घोणस आहे. घोणशीच्या विषाने माणसाचे रक्त आधी भराभर गोठते आणि मग गोठण्याचे सारे घटक संपून जाऊन ते वाहतच राहते. लंडनमध्ये मॅक्फर्लेन आणि बार्नेट यांनी १९३४ साली याच घोणशीचे विष अतिशय विरल करून, ज्याचे रक्त जन्मतःच नीट गोठत नाही अशा हिमोफिलियाच्या रुग्णाच्या दात काढल्यानंतरच्या जखमेवर लावले आणि रक्त थांबवले. दात काढणे आणि रक्त थांबवणे हे कोडे वैद्यकाला किती जुने आणि किती जिव्हाळ्याचे आहे याची ही साक्ष. रक्ताच्या शास्त्राशी परळचे नाते याहूनही गहिरे आहे; डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये जगापुढे मांडलेला ‘बॉम्बे’ रक्तगट याच शहराच्या नावाने ओळखला जातो आणि के. ई. एम.च्या आवारात आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था उभी आहे. ज्या परिसरात रक्ताविषयी इतके ज्ञान साठलेले आहे, त्याच परिसरातील दवाखान्यांतून ‘पाच दिवस बंद’ हा सरसकट हुकूम अजून सुटावा, याचे मला दुःख होते.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांची गोष्ट निराळी, पण निष्कर्ष तोच. या गोळ्या रक्तातील बिंबाणूंना एकमेकांस चिकटू देत नाहीत, आणि स्टेंट बसवलेल्या रुग्णाला त्या जोडीने दिल्या जातात. स्टेंट नवा असताना, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, ही जोडगोळी थांबवली तर स्टेंट आतून बंद होऊन जोराचा झटका येऊ शकतो. अमेरिकेतील हृदयरोग आणि दंतवैद्यक या दोन्ही क्षेत्रांच्या संघटनांनी २००७ साली एकत्रितपणे या धोक्याचा इशारा दिला तो दात काढण्यासारख्या लहान कारणांसाठी गोळ्या थांबवल्या जात असल्यामुळेच. दात काढणे थांबवता येत असेल तर ते पुढे ढकलावे. नसेल तर गोळ्या चालू ठेवून, वर सांगितलेल्या बंदोबस्तानिशी काढावा. डॅबिगॅट्रान, रिव्हॅरोक्सॅबान, एपिक्सॅबान या नव्या गोळ्यांचा परिणाम काही तासांत चढतो व उतरतो, त्यांना आयएनआरची तपासणी लागू पडत नाही. एखादा दात काढायचा असेल तर त्याही थांबवाव्या लागत नाहीत; तीनहून अधिक दात किंवा हाड कोरण्याचे काम असेल तर दिवसातून दोनदा घेण्याच्या गोळीची त्या सकाळची मात्रा वगळणे आणि एकदाच घेण्याच्या गोळीची वेळ पुढे ढकलणे, इतके पुरते. मूत्रपिंड अधू असेल तर मात्र या गोळ्या शरीरात रेंगाळतात आणि तेव्हा वैद्याचा सल्ला अनिवार्य आहे. धातूच्या झडपेला या नव्या गोळ्या चालत नाहीत, आणि संधिवाताच्या तापाने झडपा बिघडून ठोके बेताल झालेल्यांत जुनीच गोळी सरस ठरते, हे २०२२ साली साडेचार हजारांवर रुग्णांच्या अभ्यासातून दिसले. तेव्हा लालबाग-परळच्या त्या वह्या आणि ते आकडे अजून बराच काळ राहणार.

दाढ सुखरूप निघाली तरी संकट टळले असे समजू नये, कारण माझ्या मते सर्वांत मोठा धोका फोर्सेप्समध्ये नसून त्यानंतर हाती पडणाऱ्या औषधांच्या चिठ्ठीत आहे. दातदुखीवर मेट्रोनिडॅझोल आपल्याकडे इतक्या सहजपणे लिहिले जाते की औषधांच्या दुकानात नुसते ‘दात सुजलाय’ म्हटले तरी ते मिळावे. हे औषध वॉर्फरिनला शरीरातून बाहेर पडू देत नाही, आणि चार-पाच दिवसांत आयएनआर अडीचवरून सहा-सातवर जाऊ शकतो. त्या वेळी जे रक्त वाहते ते खोबणीतूनच वाहील असा भरवसा नाही, ते आतड्यातून किंवा मेंदूतही वाहू शकते. फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, आणि कवळीखालच्या पांढऱ्या चट्ट्यांवर लावायला देतात ते मायकोनॅझोलचे मलमसुद्धा हाच उपद्रव करते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, किटोरोलॅक या वेदनाशामकांनी बिंबाणू दुबळे होतात आणि जठराला इजा होते. अशा रुग्णाला दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, तेही मोजके दिवस, हेच योग्य. प्रतिजैविक द्यावेच लागले तर चार दिवसांनी आयएनआर पुन्हा तपासण्याची तजवीज त्याच चिठ्ठीत लिहिली पाहिजे. मावशींच्या सुनेला रक्ताची भीती वाटत होती. तिला ही यादी लिहून देण्यास डॉक्टर विसरले नाहीत, आणि ती शेजारच्या औषधवाल्याला दाखवण्यास सांगितले.

घरी पाळायचे नियम साधे आहेत. चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही, जीभ जखमेवर फिरवायची नाही; चहा कोमट झाल्यावर घ्यायचा; पहिले काही दिवस मऊ दहीभात, थंड केलेली खिचडी किंवा शिरा; मिश्री आणि तंबाखू पूर्ण बंद. रात्री रक्त आले तर स्वच्छ गॉझची किंवा धुतलेल्या सुती कापडाची जाड घडी खोबणीवर ठेवून, आरशात सारखे न पाहता, वीस ते तीस मिनिटे सलग घट्ट चावून बसायचे. लाळेत मिसळलेले थोडे रक्त पुष्कळ वाटते. त्याने घाबरू नये. एवढ्यानेही न थांबल्यास रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे आणि जाताना वही व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.

दंतवैद्य आणि हृदयवैद्य यांच्यात कागदाची जी देवघेव चालते, तिच्याविषयीही लिहिले पाहिजे. दंतवैद्य ‘फिटनेस आणा’ म्हणून रुग्णाला परत पाठवतो. हृदयवैद्य गर्दीच्या ओपीडीत केस पेपरावर ‘दात काढण्यास हरकत नाही, गोळी ५ दिवस बंद’ एवढी एक ओळ खरडतो. आणि दोघांनीही जबाबदारी दुसऱ्यावर सोपवल्याचे समाधान मानले तरी गुठळीची जोखीम रुग्ण एकटाच वाहतो. या कागदात खरे तर चार गोष्टी याव्यात : गोळी कशासाठी चालू आहे, ती आणखी किती काळ चालणार, शेवटचा आकडा काय होता, आणि झडपेसाठी आधी प्रतिजैविक हवे की नको. गोळी थांबवायची की नाही हा निर्णय या चार उत्तरांतून दंतवैद्याला बहुधा आपसूक मिळतो. मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयासारख्या, १९३३ पासून चालत आलेल्या संस्थेत अशा रुग्णांचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या साठलेला असणार; तो गल्लीतल्या एकट्या दवाखान्यापर्यंत पोहोचवण्याचे काम महापालिकेच्या वैद्यकीय शाळांनी आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी अंगावर घ्यावे, असे सुचवावेसे वाटते.

आणि एक गोष्ट शस्त्रक्रियेच्याही आधीची. झडप बदलण्यापूर्वी रुग्णाचे दात तपासून किडलेले, हललेले दात काढून टाकण्याची पद्धत आहे, कारण त्या वेळी गोळी सुरू झालेली नसते आणि नव्या झडपेवर जंतू बसण्याची भीतीही त्यामुळे कमी होते. परंतु शस्त्रक्रियेची तारीख मिळण्यासाठी महिनोन्महिने ताटकळलेले कुटुंब तारीख मिळताच दातांची तपासणी घाईत उरकते किंवा टाळते, आणि चार वर्षांनी तीच दाढ वहीतल्या आकड्यासह गिरगावच्या बाकावर येऊन बसते. मावशींचीही तीच कथा होती. त्यांची खालची आणखी एक दाढ हलते आहे; ती दिवाळीनंतर, आदल्या दिवशी आयएनआर पाहून, गोळी न चुकवता काढायची असे ठरले, आणि डॉक्टरांनी ती तारीख वहीत नातवाच्या अक्षराखाली स्वतःच्या हाताने लिहून दिली.